दोर आणायला गेलेली माणसं

४ मार्च

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर न उघडताच फेकशील, म्हणून पत्ता इथल्या एका बाईंकडून लिहून घेतलाय. आता फसलीच आहेस तर वाच. आई बरी आहे. तशी काही बातमी नाही.

मला नोकरी लागली. हसू नकोस. या शहरात मी खरं तर पुढची गाडी चुकली म्हणून थांबले होते. ऊन होतं, समोर मोठी इमारत, आत पंखे. पंख्याखाली बसायला गेले तर दारातल्या माणसाला वाटलं मी कामाची जाहिरात बघून आलेय. मीही त्याला दुखवलं नाही.

काम ग्रंथालयाचं आहे, म्हणजे तुझ्याच धंद्यातलं. इथे आता संगणक येणार. त्याआधी जुन्या लाकडी कपाटांतले छोटे खण एकेक करून उपसायचे, प्रत्येक कार्डावरचं पुस्तक फळीवर आहे का बघायचं आणि टंकलेखिकेला कार्ड वाचून दाखवायचं. खणाच्या तळातून लोखंडी सळई जाते, कार्डांच्या भोकांतून. कुणी कार्ड पळवू नये म्हणून. आधी मला वाटलं, कार्ड कोण पळवेल? पण लोक काय काय पळवतात. मागे मी एका खानावळीत होते तिथे मिठाच्या बाटलीचं नुसतं झाकण... असो.

कार्डांच्या वरच्या कडा बघत बसायला मला आवडतं. लोक बोटांनी चाळतात ना, त्यामुळे हव्याशा विषयांच्या कडा काळ्या पडल्यात. ‘स्वप्नांचे अर्थ’ तर तव्याच्या बुडासारखं. ज्यांना कुणी विचारत नाही ती कार्डं अजून दुधासारखी.

पुस्तक आलं की ते कशाबद्दल आहे हे ठरवणाऱ्या बाईंना सगळे विषयबाई म्हणतात. वय झालंय, जीभ मात्र म्हातारी झालेली नाही. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “लेखकाला वाटतं पुस्तक त्याचं. असेल. पण ते कुठे राहणार, कुणाशेजारी राहणार, ते मी ठरवते. घरमालकीण मी.”

आता ऐक. आपल्याबरोबर एक हंगामभर हिंडलेली ती संशोधक बाई आठवते? कॅमेरावाली. आईला सारखी विचारायची, दोर कसा ताणता, तोल पायात असतो की पोटात. आईच्या पायांचे फोटो काढायची आणि आई म्हणायची, “अगं, तोंडाचा काढ की एखादा!” जाताना म्हणाली पुस्तक पाठवते, पत्ता द्या. आईने तंबूच्या खांबाकडे बोट दाखवलं. पुस्तक आलं नाही. कसं येणार?

ताई, ते पुस्तक इथे आहे. आईच्या दोरावर चालण्याचं, गाठींचं, पडायचं कसं त्याचंसुद्धा. कार्ड हातात आलं, कड पांढरीशुभ्र. आणि त्यावर विषय काय छापलाय?

‘गुन्हे आणि गुन्हेगार – भटक्या टोळ्या’.

मी कार्ड उलटं करून बघितलं. मागे दुसरं काहीतरी असेल म्हणून. मागे कोरं होतं. मग फळीवर गेले. एका बाजूला बोटांच्या ठशांचं पुस्तक, दुसऱ्या बाजूला पोलिसांसाठी ‘टोळ्या ओळखण्याची मार्गदर्शिका’, आणि मध्ये आपली आई. टंकलेखिका हाका मारत होती, पुढचं कार्ड वाच, पुढचं वाच.

कार्ड छापील आहे, तुमच्या मध्यवर्ती कार्यालयातून आलेलं. देशभरातल्या सगळ्या ग्रंथालयांत हेच गेलंय म्हणतात. तू तिथेच विषय ठरवतेस ना? हे तू लागायच्या आधीचं असणार. असणारच.

तुला बरं वाटावं म्हणून नाही, पण सांगते. आई तुला शिव्या देत नाही. फक्त कुणी विचारलं तर म्हणते, “थोरली? ती दोर आणायला गेली.” आबांसारखी. आईचे वडील नवा दोर आणतो म्हणून बाजारात गेले ते आलेच नाहीत, कुणी म्हणे दुसरं घर केलं, आणि तेव्हापासून आपल्यात पळून गेलेल्या माणसाला असंच म्हणतात. दुसऱ्या कुणाबद्दल म्हणताना आई हसते. तुझ्याबद्दल म्हणताना हसत नाही.

तुझी भिंगरी


११ मार्च

ताई,

उत्तर नाही. टपाल उशिरा येतं असं धरून चाललेय.

मी विषयबाईंना विचारलं की एखाद्या पुस्तकाचा विषय चुकला तर काय करतात. त्यांनी चहा मागवला, म्हणजे उत्तर लांबणार. म्हणाल्या, पूर्वी पुस्तकं उंचीने लावायचे. बुटकी एका फळीवर, उंच दुसऱ्या, शाळेच्या फोटोसारखी. मग आली त्या क्रमाने लावू लागले. कुठल्याशा देशात क्रांती झाली, सरदारांची आणि मठांची पुस्तकं सरकारात जमा झाली, यादी करायला कागद नाही, म्हणून खेळायच्या पत्त्यांच्या पाठीवर पुस्तकांची नावं लिहिली. पुढे एकाने सगळ्या ज्ञानाचे दहा डबे केले, प्रत्येक डब्यात दहा डब्या, डबीत पुन्हा दहा. एका गणिताच्या मास्तरांनी दुकानात पोरांचं जोडायचं खेळणं बघितलं आणि त्यांना सुचलं की विषयही असाच तुकडे जोडून बांधावा. हे मला फार आवडलं. मी विचारलं, त्या खेळण्यात चाकं होती का? बाई म्हणाल्या, “तू मूळ प्रश्न काय विचारला होतास?”

तर मूळ प्रश्न. त्या दहा डब्यांना शंभराशंभराचे आकडे असतात. सातशेच्या घरात गाणं, चित्रं, नाटक, खेळ. तीनशेच्या घरात समाज, कायदे, गुन्हे. आपल्याला सातशेत न्यायचं म्हणजे मधली तीन घरं ओलांडायची. एवढं तर आई दोरावरून एका दमात जायची. पण नियम आहे, जुन्याला धरून चालायचं. एका माणसांवरचं पहिलं पुस्तक जिथे ठेवलं, त्याच माणसांवरचं दुसरं तिथेच ठेवायचं, नाहीतर शोधणाऱ्याला सापडत नाही. आपल्यावरचं पहिलं पुस्तक कुणी लिहिलं असेल? पोलिसांनी. संपलं. त्यांच्या मागे आपली रांग.

“मग बदलायचं कुणी?”

“केंद्राने, म्हणजे मध्यवर्ती कार्यालयाने. आपण छापील कार्डाला हात लावायचा नाही. अर्ज करायचा.”

“तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

विषयबाईंनी कप बाजूला सारला. “मला वाटायला मी ते पुस्तक उघडलंय कुठे? छापील कार्ड आलं, आकडा डकवला. अशी हजारो डकवलीत गं.” मग त्या उठल्या आणि ते पुस्तक आणून तिथेच वाचत बसल्या. नंतर दिवसभर कुणाला टोमणा मारला नाही. सगळे घाबरले.

आमचे ग्रंथपाल भले आहेत, पण त्यांना सगळीकडून एकच भीती, आवाज होईल. आम्ही त्यांना ‘शांतता’च म्हणतो. ते म्हणाले, “अर्ज करा, पण गाजावाजा नको. आणि त्या फळीवरची जुनाट पुस्तकं तशीही रद्द करायचीत, संगणकात कशाला भरायची?”

अर्ज सोबत जोडलाय. तुझ्या हाताखालून जाईल ना? लवकर कर. कारण एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नाही. आईला मी कळवलंय. पुस्तक सापडलं, एवढंच. तिच्या डोळ्यांवर साय धरलीय, डॉक्टर म्हणतात थांबू नका, आणि ती म्हणते आधी पुस्तक बघते मग डोळ्यांना काय करायचं ते करा. या महिन्यातच येतेय. फोनवर विचारत होती, “कुठे ठेवलंय गं मला?”

मी म्हटलं, “चांगल्या ठिकाणी. खिडकीजवळ.”

खिडकी आहे तिथे. तेवढं खरं.

भिंगरी


१९ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच बसले. वर जाणारे लोक मला ओलांडून जात होते.

तू ठरवलास. तो विषय तू ठरवलास. मी पहिल्या पत्रात दोनदा ‘असणार’ लिहिलं तेव्हाच माझ्या मनात काहीतरी कुरतडत होतं, पण ते असं समोर शाईत... तू लिहितेस, नोकरीतला पहिला आठवडा होता. पुस्तकांची चळत आली, त्यात हे. पान उलटलंस तर आईचे पाय. शेजारी वरिष्ठ बसलेले. नियम सांगत होता जुन्याला धरून. “आणि सातशेत टाकलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत ही कला आहे? कुठून कळलं? मी काय सांगणार होते, भिंगरी?”

काय सांगणार होतीस? मलाही लगेच सुचलं नाही, हे खरं. पण मला एवढं कळतं की आईचे पाय ओळखून तू त्यांवर आकडा टाकलास. पोलीस तरी अनोळखी लोकांवर टाकायचे.

तू लिहितेस, निदान आपली माणसं एका जागी राहिली, शोधणाऱ्याला सापडतील. कोण शोधतंय, ताई? कार्डाची कड पांढरी आहे.

शेवटी लिहिलंयस, “आईला यातलं काही सांगू नकोस.” नाही सांगणार. पण मी हातावर हात ठेवून बसणारी नाही, हे तू जाणतेस. ‘शांतता’ साहेब म्हणालेच होते ना, जुनाट पुस्तकं रद्द करायचीत? मी म्हटलं, द्या ते काम माझ्याकडे. त्या फळीवरची पोलिसांची सगळी पुस्तकं खाली काढली, ठशांची, टोळ्यांची, सगळी, आणि रद्दीच्या ढकलगाडीवर टाकली. ‘रद्द’चा शिक्का पहिल्या पानावर मारतात. मी चेव आल्यासारखी पानापानावर मारत सुटले. वाचलं काहीच नाही. शाई संपली तेव्हा थांबले. विषयबाई म्हणाल्या, “पुरे आता, पुस्तक आहे ते, डास नाही.”

आता त्या फळीवर आई एकटी उभी आहे. स्वच्छ. येऊ दे तिला.

भिंगरी


२४ मार्च

ताई,

हे पत्र बसून वाच. मी हे सगळं उभ्याने ऐकलं.

आई काल आली. नवी चप्पल घालून. मोठा हॉल बघून म्हणाली, “केवढी उंची! दोर बांधायला दोन्हीकडे खांबही आहेत.” ‘शांतता’ साहेबांचा चेहरा बघायला हवा होतास. मी तिला फळीपाशी नेलं, पुस्तक हातात दिलं. तिने ते आधी हुंगलं. मग एकेक फोटो नाकाशी धरून बघितला. “ही गाठ हिने उलटी छापलीय,” म्हणाली. “पाय माझेच.” मग हळूच, “सगळे पायच आहेत गं. तोंडाचा नाहीच काढला शेवटी.” आम्ही हसलो. विषयबाईसुद्धा. मला वाटलं, जिंकले. आता बाहेर नेऊन थंड काहीतरी पाजते आणि संपलं.

पण तिचे गुडघे. मी खुर्ची आणायला गेले, तेवढ्यात ती जवळ जे होतं त्याला टेकली. रद्दीच्या ढकलगाडीला. आणि वाचता येत नाही अशा माणसाच्या हातात पुस्तकं आली की तो काय करतो? चित्रं बघतो.

खुर्ची घेऊन येतेय तर आई ‘टोळ्या ओळखण्याची मार्गदर्शिका’ डोळ्यांना लावून उभी. हलत नाही.

“आई, टाक ते. घाण आहे ती.”

“हे पाय बघ.”

“आई...”

“पाय बघ म्हणते ना!”

फोटोत एक माणूस उभा. अनवाणी, हातात आकड्याची पाटी. त्याचे अंगठे बाजूला फाकलेले, भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर. सपाट जमिनीवरही दोरावर असल्यासारखा. असं कोण उभं राहतं तुला माहीत आहे. आई राहते. तूही राहायचीस, शाळेच्या रांगेत बाई ओरडायच्या तुला.

आई म्हणाली, “आबा आहेत.”

पाय आधी ओळखले, चेहरा मागून.

मी म्हटलं, कशावरून? ती म्हणाली, डाव्या पायाचं दुसरं बोट तुटकं, माझ्यासमोर तुटलं होतं, खुंटी ठोकताना. बोट तुटकंच होतं, ताई. विषयबाईंनी पुस्तक घेतलं आणि फोटोखालची ओळ मोठ्याने वाचली. वाचायला नको होती, पण त्यांना सवय, कार्ड असो काही असो, मोठ्याने. “हिंडण्याचा परवाना नसताना बाजारात दोर विकत घेताना आढळला. टोळीतील इतर कोठे आहेत ते सांगत नाही. नाव सांगत नाही. कोठडीत मृत्यू.”

‘शांतता’ साहेब आपल्या जागेवरून उठून आले, इतकी शांतता झाली होती.

दोर आणायलाच गेले होते, ताई. खरोखर दोर आणायलाच. दुसरं घर नाही, दुसरी बाई नाही. आई आयुष्यभर त्या माणसावर रुसली. आणि त्यांनी आपलं नावसुद्धा दिलं नाही, कारण नावावरून तंबू सापडला असता, तंबूत ती होती, एवढीशी.

आता ते सांगते जे लिहायला मघापासून टाळतेय. फोटोवर शिक्का आहे. ‘रद्द’. छातीवर, पाटीच्या वर. मी मारलेला. चेहरा सुटला, तोही नशिबाने, मी बघत नव्हतेच. आईने विचारलं, “हे जांभळं काय आहे छातीवर?” विषयबाई म्हणाल्या, “ग्रंथालयाचा शिक्का आहे, आई.” खोटं नाही बोलल्या.

आम्ही तिला खुर्चीत बसवलं. तिने दोन्ही पुस्तकं मांडीवर घेतली. मग तिने विचारलं, “ही दोन्ही शेजारी होती का? इथे, या फळीवर?” गाडीवरच्या पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे तिने बोटाने चाचपून बघितले होते, आकडे ओळखते ना ती, बसचे. सगळे सारखेच होते.

मी हो म्हटलं.

“कुणी ठेवली होती?”

मी गाडीवरची पुस्तकं सरळ करू लागले. ती माझ्याकडे बघत राहिली, त्या सायीच्या डोळ्यांनी. मग म्हणाली, “थोरलीने का?”

मी काही सांगितलं नाही, शपथ. ती म्हणाली, “मला वाचता येत नाही, पण मला कुणाशेजारी उभं केलंय ते कळतं. तिला सांग, मला इथून हलवायचं तर त्यांना घेऊन हलवा. त्यांना इथे टाकून मी कुठे जायची नाही.”

आता तुझ्या कामाचं. रद्द झालेलं पुस्तक परत घेता येत नाही. एकच वाट आहे, ते नव्याने आलंय असं धरायचं आणि केंद्राकडे नवीन विषयासाठी पाठवायचं. विषयबाईंनी काल स्वतः पार्सल बांधलं, दोन्ही पुस्तकं एकत्र. त्या म्हणाल्या, फोटोतल्या माणसाच्या नावाचंही वेगळं कार्ड करता येतं, म्हणजे पुढे कुणी नावाने शोधलं तर सापडेल. पण त्या कार्डावर खाली एक ओळ असते, तुला माहीतच आहे, ‘माहिती कुठून मिळाली’. छापील पुरावा नसेल तर विषय ठरवणाऱ्याने आपल्या सहीने लिहायचं. माझी सही चालत नाही. मी विचारलं.

आबांचं नाव आईने सांगितलं. पार्सलात चिठ्ठीवर आहे. आपल्यात ते नाव इतकी वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं, मलाही आत्ता कळलं.

पार्सल तुझ्या नावावर आहे. तू ते दुसऱ्या टेबलावर सरकवू शकतेस. तुझे वरिष्ठ विचारतील, कुठून कळलं? मागच्या पत्रात मी तुला बरंच बोलले. ते परत घ्यायला मी बसलेले नाही, पण आता मीही एका माणसावर न बघता शिक्का मारलाय. तेव्हा एवढंच.

भिंगरी


१४ एप्रिल

ताई,

आज कार्डं आली. सोबत पत्र नाही, म्हणून आधी माझं मन खट्टू झालं. विषयबाईंनी पाकीट फोडलं आणि माझ्याकडे दिलं. “तू वाच. मी वाचलं की घोळ होतो.”

आईला मी इथेच ठेवून घेतलंय, डोळ्यांचं काम व्हायचंय. तिला खुर्चीत बसवून एकेक वाचलं. तिच्या पुस्तकाचा विषय, ‘दोरीवरचे खेळ – कलावंत’. सातशेच्या घरात. ती म्हणाली, “बरं.” पोलिसांच्या पुस्तकावर दोन विषय. एक, ‘पोलीस – अत्याचार’. मी ते दोनदा वाचलं. विषयबाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा बघितलं. “गुन्ह्यांच्याच घरात ठेवलंय हिने,” म्हणाल्या, “पण गुन्हा कुणाचा ते बदललं.” आणि दुसरा विषय तोच, दोरीवरचे खेळ, म्हणजे आईच्या खणात शोधलं तरी आबा सापडणार. जुन्या जागी एक कार्ड, ‘भटक्या टोळ्या’ असं शोधणाऱ्याला तिकडून इकडे पाठवणारं.

मग नावाचं कार्ड. आबांचं नाव, पूर्ण, छापील. त्याखाली ‘दोरावर चालणारे’. त्याखाली ती ओळ, ‘माहिती कुठून मिळाली’. तिथे छापलेलं नाही, तुझ्या हाताने लिहिलंय. एकच शब्द आणि सही.

“काय लिहिलंय?” आईने विचारलं.

मी वाचलं, “घरून.”

आईने कार्ड मागून घेतलं. दिसत तर नाही, तरी सगळीकडून बघितलं, कडेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. आता तिथे थोडं काळं होईल.

मग म्हणाली, “दोर आणायला गेलेलं एक माणूस सापडलं. दुसरं कधी येतंय, विचार तिला.”

तर विचारतेय.

भिंगरी